फेज जुळवली, महिन्याभरात परत सरकली: दोन ॲम्प्लिफायर जोडलेल्या अपलिंकचं जुनं दुखणं

आधी लक्षणं लिहितो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. सी-बँडचा अपलिंक, म्हणजे जमिनीवरून सॅटेलाइटकडे सिग्नल पाठवणारी यंत्रणा, ६ गिगाहर्ट्झच्या आसपासची. समजा ४०० वॉटचे दोन सॉलिड स्टेट ॲम्प्लिफायर. दोघांचे वेव्हगाइड (पॉवर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळ्या) कॉम्बाइनरमध्ये, म्हणजे पॉवर एकत्र करणाऱ्या जोडात येतात आणि तिथून एकच वेव्हगाइड अँटेनाकडे जातो. दोन्ही ॲम्प्लिफायरच्या डिस्प्लेवर फॉरवर्ड पॉवर पूर्ण दिसते, अलार्म एकही नाही. तरी अँटेनाकडे जाणारी पॉवर डीबीभर (डेसिबलभर, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा) कमी, आणि कॉम्बाइनरच्या चौथ्या तोंडावरच्या डमी लोडला (वाया जाणारी पॉवर उष्णतेत जिरवणारा भाग) हात लावता येत नाही. शिफ्टवरचा इंजिनिअर इनपुटकडचा फेज शिफ्टर (सिग्नलच्या लहरीची फेज, म्हणजे तिचा ताल, मागेपुढे करणारा भाग) जरा फिरवतो, पॉवर जागेवर येते, रजिस्टरमध्ये ‘फेज ॲडजस्ट केली, ओके’ असं लिहिलं जातं. तीन-चार आठवड्यांनी तीच नोंद, फक्त अक्षर दुसऱ्याचं.

मुंबईत ही तक्रार जून ते सप्टेंबर जास्त ऐकू येते. त्यामुळे ‘पावसाळ्यात असं होतंच’ असं म्हणून सोडून द्यायची सवय लागते. पावसाचा हात त्यात असतो हे खरं, पण तो नेमका कुठून शिरतो ते शोधलं नाही तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. फेज शिफ्टर फिरवणं म्हणजे तापावर गोळी देणं आहे. ताप उतरतो, शिफ्ट निभावते, पण दोनपैकी कोणती बाजू सरकतेय आणि का, हा प्रश्न तसाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे गोळीमुळे लक्षण झाकलं जातं आणि आत पाणी साचत राहतं.

कॉम्बाइनर काय माफ करतो आणि काय नाही

कॉम्बाइनर मॅजिक टी (चार तोंडांचा वेव्हगाइड जोड) असेल तर दोन बाजूंनी एकाच फेजमध्ये आलेल्या पॉवरची बेरीज एका तोंडातून अँटेनाकडे जाते आणि फरक चौथ्या तोंडातून डमी लोडमध्ये जातो. शॉर्ट-स्लॉट हायब्रिड असेल, म्हणजे रिब्लेट या संशोधकाने १९५२ साली मांडलेला प्रकार, तर दोन इनपुटमध्ये ९० अंशांचं अंतर लागतं. बाकी हिशोब तोच.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पॉवर कमी दिसली की पहिला संशय ‘दोन ॲम्प्लिफायरची लेव्हल सारखी नाही’ असा घेतला जातो आणि अर्धी रात्र गेन जुळवण्यात जाते. लेव्हलच्या बाबतीत कॉम्बाइनर फार उदार असतो. एक ॲम्प्लिफायर ४०० वॉट देतोय आणि दुसरा निम्मे, म्हणजे २०० वॉट, असं धरा. एकूण ६०० वॉटपैकी ५८३ वॉट अँटेनाकडे जातात आणि लोडमध्ये फक्त १७ वॉट. तीन डीबीचा फरक असून तोटा ०.१३ डीबी. एखाद्या डीबीच्या फरकाने तर काहीच बिघडत नाही.

फेज मात्र माफ करत नाही. दहा अंशांपर्यंत काही कळत नाही, तोटा ०.०३ डीबी. तीस अंशांना ०.३ डीबी. साठ अंशांना पाव पॉवर लोडमध्ये, म्हणजे १.२५ डीबी गेले. नव्वदला निम्मी. आणि १८० अंशांना दोन्ही ॲम्प्लिफायर जीव तोडून काम करतात आणि सगळी पॉवर डमी लोड तापवते. म्हणून ‘दोन्ही मीटर पूर्ण, आउटपुट कमी, लोड गरम’ हे त्रिकूट दिसलं की लेव्हलच्या मागे लागू नका. फेज सरकली आहे, किंवा कॉम्बाइनरच्या एका बाजूला काहीतरी परावर्तन होतंय.

एक ॲम्प्लिफायर साफ बंद पडला तर काय होतं, तेही लक्षात असू द्या, कारण पुढची चाचणी त्यावरच उभी आहे. राहिलेल्या ४०० वॉटपैकी २०० अँटेनाकडे आणि २०० लोडमध्ये जातात. पूर्ण ८०० वॉटच्या मानाने ही ६ डीबीची घट, तीन नव्हे. नवीन मुलं इथे हमखास अडखळतात.

तीन रीडिंगची चाचणी

नेटवर्क ॲनालायझर (फेज थेट मोजणारं यंत्र) नसला तरी चालेल. कॉम्बाइनरनंतर अँटेनाकडच्या वेव्हगाइडवर जो कपलर (पॉवरचा ठरावीक छोटा हिस्सा मापायला देणारा भाग) असतो, त्याला लावलेला एकच पॉवर मीटर पुरतो. ॲम्प्लिफायरच्या पुढचे मीटर या कामाला घेऊ नका. त्यांचं कॅलिब्रेशन कधीचं आहे कुणास ठाऊक, शिवाय दोन वेगवेगळ्या मीटरची तुलना करायची वेळ येते. एकच कपलर आणि एकच सेन्सर वापरला की कपलरचा आकडा थोडा चुकीचा असला तरी उत्तर बदलत नाही, कारण आपल्याला फक्त प्रमाण हवं असतं.

आधी दोन खबरदाऱ्या. सेवा चालू असेल तर सॅटेलाइटच्या कंट्रोल सेंटरला कळवून मेंटेनन्सची वेळ घ्या, कारण एक बाजू बंद केली की कॅरिअर (आपण वर पाठवतो तो सिग्नल) ६ डीबीने खाली जाणार. आणि डमी लोडवरची क्षमतेची पट्टी वाचा. एका ॲम्प्लिफायरवर चाचणी घेताना त्याची निम्मी पॉवर लोडमध्ये जाते, ते बहुतेक लोड सहन करतात. पण फेज पूर्ण उलटी झाली तर दोघांची मिळून ८०० वॉट पॉवर त्यात जाईल. पैसे वाचवायला निम्म्या क्षमतेचा लोड बसवलेली ठिकाणं मी पाहिली आहेत. तिथे ही चाचणी करताना फेज शिफ्टरला हात लावायचा नाही.

दोन ॲम्प्लिफायरना अ आणि ब म्हणू. आता पहिलं रीडिंग: ब म्यूट करून फक्त अ. दुसरं: अ म्यूट करून फक्त ब. तिसरं: दोन्ही चालू.

समजा अ एकटा १९५ वॉट दाखवतो, ब एकटा १९० वॉट. फेज अचूक असती तर दोघांची मिळून किती यायला हवी? दोन्ही आकड्यांची वर्गमुळं घ्या, १३.९६ आणि १३.७८. बेरीज २७.७४, तिचा वर्ग सुमारे ७७० वॉट. प्रत्यक्षात तिसरं रीडिंग ६२० वॉट आलं, म्हणजे १५० वॉट डमी लोडमध्ये जातायत. फेजचा कोन काढायचा तर ६२० मधून १९५ आणि १९० वजा करा, उरतात २३५. याला दोन्ही वर्गमुळांच्या गुणाकाराच्या दुपटीने, म्हणजे ३८५ ने भागा. येतं ०.६१. ही त्या कोनाची कोसाइन, म्हणजे कोन सुमारे ५२ अंश. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम आहे.

हे तीन आकडे बसवणुकीच्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून पाहा. बसवणुकीची नोंद नसेल तर आजपासून सुरू करा. अ आणि ब एकएकटे पूर्वीइतकेच आहेत आणि फक्त एकत्र कमी पडतायत, तर ती शुद्ध फेजची गडबड. अ एकटा आधीपेक्षा कमी आणि त्याचा स्वतःचा फॉरवर्ड मीटर तेवढाच, तर ॲम्प्लिफायर ते कॉम्बाइनर या टप्प्यात पॉवर खाल्ली जातेय किंवा परत फिरतेय. तिथे वेव्हगाइडवर हाताची मागची बाजू फिरवा, गरम जोड सापडतो. दोन्ही एकएकटे सारख्याच प्रमाणात कमी झाले असतील तर दोष कॉम्बाइनरच्या पुढे, अँटेनाच्या दिशेला आहे, आणि फेजशी त्याचा संबंध नाही.

अ एकटा चालू असताना त्याचा रिफ्लेक्टेड (पॉवर परत येत असल्याचा) अलार्म आला तर आधी डमी लोड तपासा. लोड आतून तडकला की तिकडून पॉवर परत येते आणि कॉम्बाइनरचं आयसोलेशन, म्हणजे दोन ॲम्प्लिफायरना एकमेकांपासून वेगळं ठेवणं, संपतं. असा लोड बदलल्याशिवाय पुढचं कोणतंही माप खरं धरू नका.

कोणती बाजू, आणि ॲम्प्लिफायरच्या आधी की नंतर

५२ अंश सरकले हे कळलं, पण कुठे? इथे दुखणं मधोमध कापायचं. बहुतेक ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला सॅम्पल पोर्ट, म्हणजे पॉवरचा छोटा नमुना देणारं तोंड असतं. दोन्ही सॅम्पल पोर्टमधल्या फेजचा फरक मोजा. ॲनालायझर असेल तर सोपं आहे. नसेल तर दोन्ही सॅम्पल सारख्या लांबीच्या केबलने आणि पॉवर कमी करणारे पुरेसे ॲटेन्युएटर लावून एका छोट्या पॉवर डिव्हायडरमध्ये उलट्या बाजूने (दोन्ही आउटपुटमधून) घाला आणि एका केबलमध्ये मापाचा लाइन स्ट्रेचर (लांबी कमी-जास्त करता येणारा तुकडा) ठेवून मीटर कुठे सगळ्यात खाली जातो ते पाहा. स्ट्रेचरची ती खूण लिहून ठेवा.

पुढच्या वेळी आउटपुट कमी झालं आणि ती खूण जागेवरच असेल, तर ॲम्प्लिफायर, त्यांच्या इनपुट केबल, फेज शिफ्टर सगळे निर्दोष. दोष सॅम्पल पोर्टच्या पुढे, म्हणजे वेव्हगाइडच्या दोन बाजूंत आहे. खूण हलली असेल तर वेव्हगाइड उघडायची गरजच नाही. ही एक गोष्ट केली तरी निम्मा वेळ वाचतो. बऱ्याच ठिकाणी वेव्हगाइडच्या जोडावरच्या फ्लँज उघडून, पुसून, परत बसवून दोन रात्री जातात आणि शेवटी दोष इनपुटच्या केबलमध्ये निघतो.

इनपुट केबलबद्दल एक गोष्ट इथेच. बहुतेक मायक्रोवेव्ह केबलमध्ये टेफ्लॉनचा डायलेक्ट्रिक (आतला इन्सुलेशनचा थर) असतो आणि टेफ्लॉनची अंतर्गत रचना १९ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते. त्या तापमानाच्या अल्याडपल्याड केबलची फेज इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेगाने हलते. आपण एसीचा काटा कुठे लावतो? वीस-बावीसवर. म्हणजे नेमक्या त्या वळणावर. दोन्ही केबल एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या आणि एकत्र बांधलेल्या असतील तर दोघी सारख्याच हलतात आणि काही बिघडत नाही. पण एक केबल बदलताना कपाटात मिळाली ती लावली आणि तिची गुंडाळी एसीच्या झोताखाली ठेवली, तर एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होईल तशी पॉवर हलेल. आउटपुट वीस-पंचवीस मिनिटांच्या तालावर वरखाली होत असेल तर बाकी काही न पाहता केबलपासून सुरुवात करा.

खूण दुपारी हलून रात्री जागेवर येत असेल तर ॲम्प्लिफायरचे एअर फिल्टर आणि पंखे पाहा. एक ॲम्प्लिफायर दुसऱ्यापेक्षा गरम चालला की त्याची फेज सरकते. फिल्टर धुतल्यावर फेजचे दहा-वीस अंश परत आलेले मी पाहिलेत.

‘वेव्हगाइड आकसला’ हे कारण खरं मानू नका

पावसाळ्यातल्या प्रत्येक तक्रारीवर कुणीतरी हे कारण देतोच. हिशोब करून पाहा. ॲल्युमिनियम तापमानाच्या प्रत्येक अंशाला लांबीच्या दशलक्षांश २३ भाग वाढतं. ॲम्प्लिफायरपासून कॉम्बाइनरपर्यंतची बाजू दोन मीटरची धरा, आणि एक बाजू दुसरीपेक्षा दहा अंशांनी थंड आहे असंही धरा, जे आधीच जास्त झालं. लांबीतला फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. डब्ल्यूआर-१३७ (या बँडच्या वेव्हगाइडचं ठरलेलं माप) मध्ये ६.१७५ गिगाहर्ट्झला आतली तरंगलांबी ६७.७ मिलिमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरला फेजचे ५.३ अंश. रुंदी बदलल्याचा परिणाम धरला तरी सगळं मिळून पाच अंशांच्या आत. पाच अंशांनी डमी लोड कोमटसुद्धा होणार नाही. पन्नास अंश हवे असतील तर कारण मोठं लागतं, आणि ते कारण बहुतेक वेळा पाणी असतं.

पाणी येतं कुठून

हा सगळ्यात रंजक भाग आहे आणि मुंबईचा म्हणावा असा आहे.

जुलैमधली साधी संध्याकाळ घ्या. बाहेर २७ अंश, आर्द्रता ८८ टक्के. या हवेचा दवबिंदू जवळपास २५ अंश. म्हणजे २५ च्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर ही हवा पाणी सोडणार. बाहेरच्या वेव्हगाइडमध्ये ही हवा शिरली तर विशेष काही होत नाही, कारण तो वेव्हगाइडही २७ अंशांवरच असतो. पण उपकरणांच्या खोलीत एसी वीसवर आहे, तिथला वेव्हगाइड वीस-एकवीसवर. बाहेरची ओली हवा त्या भागात पोचली की पाणी तिथेच पडतं. गच्चीवरच्या, पावसात भिजणाऱ्या भागाकडे सगळे पाहतात आणि पाणी सापडतं आत, कोरड्या, थंडगार खोलीत.

मग वेव्हगाइडमध्ये कोरडी हवा भरणारा डीहायड्रेटर कशाला आहे? अडचण तिथेच आहे. अनेक ठिकाणी डीहायड्रेटर एसीच्या खोलीत आवाज नको म्हणून बाहेरच्या पॅसेजमध्ये किंवा यूपीएसच्या खोलीत ठेवलेला असतो. तो तिथली ओली हवा ओढतो, सिलिका जेलमधून नेतो आणि थोड्या दाबाने वेव्हगाइडमध्ये सोडतो. जेल कोरडं आहे तोवर ठीक. जेल संपलं की तोच डीहायड्रेटर इमानाने २५ अंश दवबिंदूची हवा थंड वेव्हगाइडमध्ये भरत राहतो. दाबाचा काटा मात्र बरोबर दाखवतो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

तरीही नुसतं जेल संपल्याने पाणी साचत नाही, आणि हे कळलं की खरा दोष सापडतो. डब्ल्यूआर-१३७ च्या एका मीटरमध्ये अर्धा लिटरच्या वर थोडी हवा मावते. ती एकदाच भरली तर तिच्यातून पडणारं पाणी तीन मिलिग्रॅम, दिसणारसुद्धा नाही. पाणी साचायला हवा सतत वाहत राहावी लागते, म्हणजे पुढे कुठेतरी गळती हवी. गळती मिनिटाला एक लिटर असेल तर दिवसाला १,४४० लिटर ओली हवा थंड भागावरून जाते आणि जवळपास आठ ग्रॅम पाणी सोडते. आठवड्याला पन्नास-पंचावन्न ग्रॅम! त्यातलं सगळं तिथेच थांबत नाही, पण वळणाच्या तळाशी डबकं व्हायला एवढं पुष्कळ आहे. गळती आणि मेलेलं जेल, दोन्ही एकत्र असले तरच हे होतं. म्हणून जेल बदलून समाधान मानू नका. डीहायड्रेटरचा कॉम्प्रेसर किती वेळाने चालू होतो ते घड्याळ लावून पाहा. घट्ट सिस्टीममध्ये तो क्वचित चालतो. दर काही मिनिटांनी चालत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड तपासा, अँटेनाच्या फीडवरची पातळ खिडकी शेवटी नक्की पाहा. कावळे तिला चोच मारतात, ही थट्टा नाही.

उरतो प्रश्न: पाणी एकाच बाजूला का साचतं? दोन्हीकडे सारखं साचलं असतं तर फेजचा फरक पडलाच नसता. हवेची नळी कुठे जोडली आहे ते पाहा. प्रेशर विंडो (दाबाची हवा अडवणारा, पण पॉवर जाऊ देणारा पडदा) कॉम्बाइनरच्या पुढे असेल तर दोन्ही बाजू दाबाच्या बाहेर राहतात आणि हा दोष तिथे होत नाही. पण विंडो ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी असतील आणि हवेची नळी सोयीसाठी ब बाजूच्या वेव्हगाइडला दिली असेल, तर ताजी ओली हवा आधी ब बाजूला भेटते आणि पाणी तिथेच टाकून पुढे जाते. ६ गिगाहर्ट्झला पाण्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक ७० च्या आसपास असतो. त्यामुळे छोटं डबकंही फेज ढकलतं, थोडी पॉवर परत फिरवतं आणि थोडी खातं. वर फेज शिफ्टर फिरवला की आकडे सुधारतात आणि डबकं वाढत राहतं. ऑक्टोबरमध्ये ते आपोआप सुकतं, तेव्हा शिफ्टर पुन्हा उलटा फिरवावा लागतो. तुमच्या जुन्या नोंदीत पावसाळ्यात एका दिशेला आणि दिवाळीच्या सुमाराला उलट दिशेला असं वळण दिसत असेल, तर मला विचारू नका, ब बाजूचं खालचं वळण उघडा.

उघडण्याआधी दोन्ही ॲम्प्लिफायर नुसते म्यूट करून भागत नाही. मेन सप्लाय बंद करा, बोर्ड लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. आरएफ चालू असताना उघड्या वेव्हगाइडमध्ये डोकावणं म्हणजे डोळे गमावणं. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने ‘कॅरिअर गेलाय’ म्हणून रिमोटवरून अनम्यूट केलं, असं होऊ शकतं.

आत पांढरी पूड दिसली तर ती ॲल्युमिनियमची गंज. वरळी-माहीमसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात पितळी फ्लँज आणि ॲल्युमिनियमची फ्लँज एकत्र आली की हे लवकर होतं. फ्लँजचा चेहरा सॅंडपेपरने घासायचा मोह आवरा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरतं. घासून सपाटपणा गेला तर ती फ्लँज कायमची गळते. काळा डाग असेल तर तिथे आर्किंग झालंय, म्हणजे ठिणग्या उडाल्यात, तो तुकडा बदला.

गॅस्केटबद्दल थोडं कडक बोलतो. सीपीआर-१३७, म्हणजे या वेव्हगाइडच्या फ्लँजच्या प्रकारामध्ये खाच असलेली आणि सपाट अशा दोन फ्लँज असतात. खाचेची एक आणि सपाट एक असेल तर निम्म्या जाडीचं गॅस्केट, दोन्ही खाचेच्या असतील तर पूर्ण जाडीचं. दोन्ही सपाट असतील तर गॅस्केटला बसायला जागाच नसते, तो जोड हवेसाठी उघडाच धरा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हे गॅस्केट मिळेलच असं नाही, म्हणून एखाद-दुसरं जास्तीचं मागवून ठेवा. रबराच्या शीटमधून कापलेलं गॅस्केट हवा अडवेल, पण आरएफ अडवणार नाही. आणि दारूखाना या मुंबईतल्या जहाजं तोडण्याच्या भागातल्या भंगारातून जहाजाच्या रडारचे वेव्हगाइड स्वस्तात मिळतात म्हणून इथे बसवायला जाऊ नका. एक्स-बँड रडारचा वेव्हगाइड आणि आपला वेव्हगाइड यांची मापं वेगळी. शिकाऊ पोरांना कापून दाखवायला ते छान आहेत.

पॉवर काही ट्रान्सपॉन्डरवरच कमी येते

हा वेगळा रोग आहे आणि पावसाशी त्याचं काही देणंघेणं नाही. ६.१७५ गिगाहर्ट्झला सगळं चोख, कॅरिअर दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे सॅटेलाइटवरच्या दुसऱ्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर नेला की अर्धा-एक डीबी गेला. शिफ्टर फिरवला, तिथे जुळलं, जुन्या जागी बिघडलं. इथे दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही, आणि शिफ्टरने फक्त एका फ्रीक्वेन्सीपुरतं जुळवून दिलंय. डब्ल्यूआर-१३७ मध्ये एक बाजू १० सेंटिमीटर लांब असेल तर ५.९२५ पासून ६.४२५ गिगाहर्ट्झपर्यंत जाताना फेजचा फरक सुमारे ८४ अंश फिरतो. मधोमध जुळवलं तरी कडांना चाळीस-बेचाळीस अंश राहतात, म्हणजे ०.६ डीबी. इनपुटची केबल अर्धा मीटर लांब असेल तर याहून खूप वाईट. तिचा वेग प्रकाशाच्या ७० टक्के धरला तर ५०० मेगाहर्ट्झमध्ये सुमारे ४३० अंश, म्हणजे बँडमध्ये कुठेतरी सगळी पॉवर उलट्या फेजने डमी लोडमध्ये.

उपाय एकच, लांबी जुळवा. बँडच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये तीन रीडिंगची चाचणी घ्या. तिन्ही ठिकाणी कोन सारखा आला तर लांबी बरोबर आहे आणि शिफ्टरने काम होईल. कोन फिरत असेल तर केबल किंवा वेव्हगाइडचा तुकडा बदलायला लागेल, दुसरा मार्ग नाही.

लांबीचं काम चालू असताना ट्विस्ट तुकड्याकडे (वेव्हगाइडला पीळ देणारा तुकडा) नीट पाहा. ९० अंशांचा उजवा ट्विस्ट काढून त्याजागी डावा बसवला तर फ्लँज तितक्याच छान जुळतात, लांबीही तीच राहते आणि फेज बरोबर १८० अंश उलटते. मशीन सुरू केल्यावर आउटपुट शून्याच्या जवळ आणि लोड भट्टीसारखा, असं झालं तर घाबरून ॲम्प्लिफायर उघडू नका, ट्विस्ट पाहा.

दोन बीयूसी जोडायचे असतील तर

हल्ली ही चौकशी वाढली आहे. बीयूसी म्हणजे सिग्नल वरच्या फ्रीक्वेन्सीला नेणारा कन्व्हर्टर आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात. मोठा ॲम्प्लिफायर महाग, त्याऐवजी दोन छोटे बीयूसी घेऊन त्यांचे आउटपुट मॅजिक टीमध्ये जोडले तर? दोघांना एकच १० मेगाहर्ट्झ रेफरन्स (ज्याला धरून फ्रीक्वेन्सी ठरते तो मूळ सिग्नल) दिला की झालं, असं वाटतं. पहिल्या दिवशी शिफ्टर फिरवून जुळतंही. रात्री लाइट गेली, जनरेटरवर आले, आणि आउटपुट कुठल्या कुठे. सकाळी परत जुळवा, पुढच्या वेळी पुन्हा वेगळंच.

कारण सरळ आहे. प्रत्येक बीयूसीमध्ये फ्रीक्वेन्सी वर नेण्यासाठी स्वतःचा लोकल ऑसिलेटर असतो, सी-बँडमध्ये बहुधा ४.९ गिगाहर्ट्झचा. सामायिक रेफरन्समुळे दोघांची फ्रीक्वेन्सी जुळते, पण ऑसिलेटरला रेफरन्सशी बांधून ठेवणारे दोन वेगवेगळे लूप प्रत्येक वेळी त्याच फेजवर स्थिरावतील याची हमी कुणी देत नाही. शिवाय तापमानाबरोबर दोन्ही लूप आपापल्या चालीने सरकतात. असं जोडकाम कितीही निगुतीने केलं तरी टिकणार नाही. पॉवर जोडायची असेल तर अप-कन्व्हर्जन एकदाच करा, मग ६ गिगाहर्ट्झचा सिग्नल डिव्हायडरने दोघांत वाटा, एका बाजूला फेज शिफ्टर द्या आणि मग नुसते ॲम्प्लिफायर जोडा. आधीच दोन बीयूसी विकत घेतले असतील तर एक चालू आणि एक स्टँडबाय, मध्ये वेव्हगाइड स्विच, असे वापरा. पॉवर दुप्पट होणार नाही, पण एक बंद पडला तर सेवा चालू राहील.